पाण्याच्या पाळीचं घड्याळ

मी वाडी सोडली त्या दिवशी घरचे माझ्यासाठी दोनदा रडले. एकदा फाट्यावर पोचल्या पोचल्या, आणि एकदा एसटी आली तेव्हा. मधे पाऊण तास गेला. पहिल्या रडण्यात आईनं डोळ्यांतलं सगळं पाणी संपवलं, त्यामुळं दुसऱ्या वेळी तिला नुसत्या आवाजावर भागवावं लागलं. थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, माझी ट्रंक तीनदा डोक्यावर घेतली आणि तीनदा खाली ठेवली. चुलतभाऊ बिरू निरोप देऊन घरी गेला, जेवला आणि परत आला. चुलतीनं, हौसाकाकीनं, वाटेत खायला म्हणून बांधून दिलेली भाकरी मी तिच्या देखतच फाट्यावरच्या दगडावर बसून संपवली आणि ती बिचारी दुसरी थापायला घरी पळाली. एकटे आबा तेवढे शांत. मनगटाकडं बघत म्हणाले, "यष्टी लेट हाय. आपून येळेत हाय."

एसटी अगदी वेळेवर आली होती. आमची वाडीच पाऊण तास लवकर झाली होती.

हे जरा नीट सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल सोपान फेकतोय. तसा मी थोडं वाढवून सांगतो, पण हे वाढवलेलं नाही. आमची वाडी माण तालुक्यात, म्हसवड आणि दहिवडीच्या मधे कुठंतरी. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं माझ्यावर घड्याळं फेकून मारतील. पाऊस आमच्याकडं पाव्हण्यासारखा येतो, चहासुद्धा न घेता जातो. त्यामुळं पाणी काय ते विहिरीचं. आबा आणि त्यांचे दोन भाऊ, एक हौसाकाकीचा नवरा आणि दुसरा बिरूचा बाप, तिघांनी मिळून एक विहीर खोदली, आणि त्या विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. अमुक वारी अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत पाणी अमक्याच्या रानात. मग दुसऱ्याच्या. सगळ्या वाडीत अशाच विहिरी आणि अशाच पाळ्या.

आता पाळी सुरू करताना माणूस स्वतःच्या घड्याळात बघणार, हे उघड आहे. म्हणून एकानं आपलं घड्याळ पाच मिनिटं पुढं केलं. शेजाऱ्याच्या लक्षात आलं, त्यानं दहा केलं. तिसरा शहाणा, तो थेट पंधरावर गेला. असं करत करत अख्खी वाडी देशाच्या पुढं निघून गेली. शाळेचे मास्तर बाहेरगावचे, ते रोज वेळेवर येत आणि रोज उशिरा आल्याबद्दल बोलणी खात. एका लग्नात नवरदेवाकडचं वऱ्हाड मुहूर्ताच्या आधी अर्धा तास पोचलं, तोवर आमच्याकडच्यांच्या अर्ध्या अक्षता टाकून झाल्या होत्या. वाडीतले कोंबडेसुद्धा लवकर आरवत, असं बिरू शपथेवर सांगतो. पण बिरूच्या शपथेचं तुम्ही तुमचं बघा.

तर मी निघालो. आमच्याकडचे बाप्ये मुंबईला जातात, मी मात्र सांगलीला गेलो. आबा मेंढरं घेऊन दरवर्षी कृष्णाकाठी उतरायचे, तिथं एका जैन शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे. त्याच घरातल्या अण्णांची सांगलीत हळदीची आडत होती. "पोरगं इमानी हाय, तेवढं खातंय लय," अशी माझी शिफारस करून आबांनी मला तिथं चिकटवून दिलं होतं. निघताना आईनं एकच गोष्ट सांगितली, "जाशील तितं आदी पाणी बघ, मग माणसं बघ." आणि आबांनी म्हसवडच्या बाजारातून घेतलेलं एक घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं. अर्थातच पाऊण तास पुढं लावलेलं.

त्या घड्याळानं पहिल्याच आठवड्यात माझी नोकरी घालवायची वेळ आणली. अण्णा सूर्य मावळायच्या आत जेवणारे. एकदा का दिवस बुडाला की पाण्याचा थेंब घशाखाली नाही. त्या दिवशी हळदीचे सौदे ऐन रंगात आलेले, अण्णांनी लगबगीत मला विचारलं, "सोपान, किती झाले?" मी मनगट बघितलं आणि ठोकून दिलं, "सहा वाजून गेले, अण्णा." अण्णा सौदा अर्धा टाकून स्कूटरला किक मारून घरी. दुसऱ्या दिवशी आले ते हसू दाबत.

"काल ताटात ऊन आलं होतं," म्हणाले. "आमटीत सूर्य दिसत होता. तुझ्या गावाला निराळा सूर्य असतो का रे?"

मी खरं काय ते सांगितलं. विहीर, पाळ्या, सगळं. अण्णा इतके हसले की हळदीच्या पोत्यावर बसावं लागलं, आणि उठले तेव्हा पांढरं धोतर मागून पिवळं. मग त्यांनी माझं घड्याळ काढून घेतलं, आडतीच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत काटे पाऊण तास मागं आणले आणि परत माझ्या हातावर बांधलं. एसटीत बसलो तेव्हा मी वाडीतून नुसता निघालो होतो. सोडली ती त्या दिवशी.

पुढं सांगलीत माझं बरं चाललं. तोलार होतो, म्हणजे पोती तोलणारा. आता त्याच आडतीत दिवाणजी आहे. लग्न झालं, पोरं झाली, दोन खोल्यांचं घर झालं. सुरुवातीला मला सगळ्यात नवल वाटायचं ते नदीचं. आमच्या माणात पाणी मिनिटांवर मोजून घ्यायचं, आणि इथं पावसाळ्यात कृष्णा न विचारता स्वयंपाकघरापर्यंत यायची. पहिल्या पुरात सगळी गल्ली पोरंबाळं, गाद्या घेऊन माडीवर पळत होती, आणि मी गुडघाभर पाण्यात उभा राहून बघतोय, एवढं पाणी, आणि कुणाचीच पाळी नाही! बायको ओरडत होती, "आवं, गॅसची टाकी उचला!" आणि माझ्या डोक्यात, हे पाणी आमच्या विहिरीत कसं नेता येईल.

आबांनी दिलेलं घड्याळ मात्र टिकलं नाही. हळदीच्या आडतीत काम करणं म्हणजे काय ते बघितल्याशिवाय कळणार नाही. भुकटी सगळीकडं शिरते. पापण्यांत, भातात, गादीत. आठव्या महिन्यात घड्याळाची तबकडी पिवळी झाली, बाराव्या महिन्यात काटे थांबले. त्यानंतर हळदीनं माझी अकरा घड्याळं खाल्ली. बायको म्हणते चार. तिला मोजता येत नाही.

सुट्टीला वाडीत गेलो की फाट्यावर उतरल्या उतरल्या मी घड्याळ पाऊण तास पुढं करायचो, विमानानं परदेशी जाणारी माणसं करतात तसं. परत निघताना पुन्हा मागं. दोन्हीकडची वेळ अशी सांभाळत राहिलो. आबा गेले, मग आई गेली. जाण्याआधी आबांनी आमच्या वाट्याच्या पाळ्या दोघां भावांत वाटून दिल्या होत्या. माझ्या वाट्याला आली बेस्तरवारची, अकरा ते तीन. चार तास. माझं रान दादाच्या रानाला लागूनच, तो ते कसायचा, पाणीही तोच घ्यायचा. मी कधी एक तांब्या त्यातला मागितला नाही. पण गुरुवारी अकरा वाजले की आडतीत बसल्या बसल्या मी घड्याळ बघून म्हणायचो, "चला, माझं पाणी सुरू झालं." हमालांना वाटायचं दिवाणजींना लघवीला जायचंय.

हसा. पण तुम्ही जे कुणी असे घर सोडून गेलात, तुमच्याकडंही असं काहीतरी असणार. कुणाकडं एक चिंचेचं झाड असेल, कुणाकडं देवळातल्या पालखीला खांदा द्यायचा मान असेल. वापरायचं नसतं. आहे एवढं माहीत असावं लागतं.

आता गेल्या दोन-तीन वर्षांत वाडीत सोलर पंप आले, आणि आमच्या विहिरीवरही तिन्ही घरांत मिळून एक बसला. लाईटची वाट बघायची कटकट गेली, पण भांडण वाढलं. कारण सूर्य काही सारखं पाणी देत नाही. सकाळी आठला पाइपातून गाईच्या सडासारखी धार, आणि बाराला तेच पाणी असं सुटतं की पाइप दोन माणसांनी धरावा. मग भर उन्हातली मिनिटं सोन्यासारखी झाली. माझे अकरा ते तीन हे आठवड्यातले सगळ्यात दाबाचे चार तास निघाले. दादानं त्यावर डाळिंब लावलं, आणि डाळिंब झक्क आलं. काकीच्या वाट्याला मात्र सगळ्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या पाळ्या. तिची तीन ओळी डाळिंबं फुलं धरायची आणि गाळायची.

मोबाईल आल्यावर वेळेची भानगड मिटेल असं मला वाटलं होतं. छे. आमच्या माणसांनी मोबाईललाही पाच मिनिटं पुढं जायला शिकवलं. बिरूच्या मोबाईलवर एक वाजलेला, दादाच्या मोबाईलवर पाऊण, आणि मधे पाणी वळवायचा वॉल कोण फिरवणार यावरून दोघं एकमेकांच्या गळ्याला. हात धरून सोडवलं काकीनं, आणि तिथंच तिनं ठरवलं, तिन्ही घरांत मिळून एकच घड्याळ. हातातलं. ज्याची पाळी त्याच्या मनगटावर. पाळी संपली की पाणी आणि घड्याळ, दोन्ही पुढच्याच्या हवाली.

मग मला तिचा फोन आला.

"सोपाना, एक घड्याळ आण बाबा. लय भारी नगं, न्हायतर कुणीतरी लग्नाला घालून जाईल. लय हलकं नगं. चिखलात पडलं तरी चालाय पायजे. माज्या हाताला बसाय पायजे आन बिऱ्याच्या बी."

"बिऱ्याच्या हाताला बैलाचा पट्टा लागंल, काकी."

"मग बैलाचा आण."

"आन मीच का? दादा जातोय की म्हसवडला दर बाजाराला."

"दादानं आणल्यालं बिऱ्याला चालंना. बिऱ्यानं आणल्यालं दादाला चालंना. मी आणलं तर दोगं बी म्हणत्यात म्हातारीला काय कळतंय. तू आणल्यालं समद्यास्नी चालतंय."

"ते का?"

"आरं, तू भाईरचा न्हवं आता. तुला कुटं पाणी घ्याचंय?"

तिनं हे कौतुकानंच म्हटलं. तिच्या आवाजात माया होती, मी ऐकली. तरी फोन ठेवल्यावर मी एकाच पोत्याचं वजन वहीत दोनदा लिहिलं. इतकी वर्षं वाडीनं माझ्यावर कुठल्याच गोष्टीसाठी विश्वास ठेवला नव्हता. मी सांगितलेला पाऊससुद्धा त्यांनी कधी खरा धरला नाही. आता ठेवला, आणि तो या कारणासाठी.

तरी घड्याळ शोधायला मी असा निघालो, जसं काही मुलीला स्थळ बघायचंय. सांगलीतली एक गल्ली सोडली नाही. आकड्यांचं घड्याळ पहिल्याच दुकानात बाद केलं, कारण त्याला चार बटणं होती, आणि चार बटणं म्हणजे आमच्याकडं चार भांडणं. शिवाय काकीला आकडे वाचता येत नाहीत. दोन काटे वर एकावर एक आले की बारा, हे तिला कळतं. म्हणून पांढरी तबकडी आणि जाड काळे काटे हवे होते. चामड्याचा पट्टा चिखलात कुजतो, स्टीलची साखळी बिरूच्या हाताचे केस उपटते आणि तो वॉल सोडून बोंबलत बसेल. शेवटी मुख्य चौकाच्या मागं बोळात घड्याळं दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडं गेलो. मी काय सांगत होतो ते त्यांनी डोळ्यावरचं भिंग न काढता सगळं ऐकून घेतलं.

"किती माणसं वापरणार?" त्यांनी विचारलं.

"तीन घरं. सहा-सात हात."

"मग महाग घेऊच नका. महाग घड्याळ एका हातासाठी असतंय." त्यांनी खणातून एक साधं, जाडजूड घड्याळ काढलं. काळा रबरी पट्टा, मागं पोलादी झाकण. "ह्याची काच प्लास्टिकची हाय. चरे पडतील, पण फुटायची न्हाई. सेल तीन वर्षं जातंय. पाण्यात चालतंय असं कंपनी म्हणतीय, त्यातलं निम्मं खरं धरा."

उरलेलं निम्मं तपासायला त्यांनी ते घड्याळ चहाच्या ग्लासात पाणी घालून बुडवलं आणि मला दुसऱ्या दिवशी या म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते पाण्यात चालू. मग मी ते आडतीत नेलं आणि हळदीच्या पोत्यात पुरून ठेवलं, दोन दिवस. हमालांनी ते पोतं उचललं, आपटलं, ट्रकवर चढवलं, आणि माझ्या बोंबलण्यानं परत उतरवलं. अण्णा आता थकलेत, पण रोज तासभर येऊन बसतात. त्यांनी पोत्यातून निघालेलं घड्याळ कानाला लावून बघितलं. "चालतंय," म्हणाले. "पण सोपान, घड्याळ बरोबर असून तुझ्या लोकांचं काय भागणार? चावी ओढली की झालं की."

ते खरं होतं. मी परत चाचांकडं. म्हटलं, ही वेळ लावायची चावी आहे ती कायमची बंद करून टाका.

"मग येळ लावणार कशी?"

"लावायचीच न्हाई. ती लावली म्हणून तर समदं झालं."

चाचांनी पहिल्यांदा भिंग काढून माझ्याकडं बघितलं. मग वेळ सेकंदावर लावून चावीवर चिकटद्रव्याचा एक थेंब सोडला. वर्षात मिनिट-दोन मिनिटं इकडंतिकडं होईल, तेव्हा आणा, सोडवून देतो, म्हणाले. पट्ट्याला मूळची सात भोकं होती, त्यांनी दाभणानं आणखी सात पाडून दिली. चौदा. पहिलं काकीसाठी, शेवटचं बिरूसाठी.

वाडीत पोचलो तो सोमवार होता. विहिरीवर सोलरच्या पाट्यांच्या सावलीत सगळे बसले. घड्याळ हातोहात फिरलं. काकीनं पहिल्या भोकात बांधून हात वर करून सगळ्यांना दाखवलं, बिरूनं चौदाव्यात बांधलं आणि म्हणाला, "झकास! पंधरावं पाडलं असतं तर जेवूनबी घालता आलं असतं." चावी दातानंसुद्धा ओढून बघितली त्यानं. हलली नाही. दादा खूश होता, माझ्या पाठीवर थाप मारली. आणि मग बिरूनं घड्याळ खाली ठेवलं.

"घड्याळाचं काय न्हाई. पर एक इचारतो, राग मानू नगं. ज्यानं घड्याळ आणलं त्येची बी पाळी हाय. बेस्तरवारची. आन त्ये पाणी जातंय दादाला. उद्या काय झालं की मी म्हणणार, घड्याळ दादाकडं झुकतंय. मग आपलं भांडण हायच."

"म्हंजी?" दादा म्हणाला.

"म्हंजी सोपानानं पाळी ठेवायची आसंल तर घड्याळ माघारी न्यावं. घड्याळ ठेवायचं आसंल तर पाळी सोडावी. समद्यांत सारखी वाटू."

"आबांनी दिल्याली पाळी हाय ती! त्यो का सोडील?" दादा माझ्याकडं वळला. "बोल की रं. गप का?"

मला दोन्ही बाजू दिसत होत्या, आणि माझ्यासारख्या बोलक्या माणसाला ते फार वाईट. पाळी ठेवली तर दादाची बाग राहते, माझे गुरुवार राहतात, आणि आठ दिवसांत ही माणसं परत एकमेकांचे गळे धरतात. सोडली तर दादाच्या झाडांचं पाणी मी, त्याच्या सख्ख्या भावानं, तोडलं. काकीनं फक्त घड्याळच मागितलं होतं. ती खाली बघत बोटानं मातीत रेघा ओढत होती, आणि तिच्या मागं तिच्या तीन ओळी उभ्या होत्या, बुडाशी गळलेली फुलं. त्या चार तासांतला एक तास म्हणजे तिच्यासाठी आख्खा हंगाम. माझ्यासाठी काय होता? सांगलीत नळ सोडला की पाणी येतं.

सांगलीत मी तोंडाला येईल ते बोलतो. तिथं तोंडातून एकच शब्द निघाला, "सोडली."

दादा उठला आणि चालू लागला. चप्पल तिथंच राहिली. अनवाणी, तापलेल्या ढेकळांवरनं तो सरळ घराकडं गेला, मागं बघितलं नाही.

चार तास तीन घरांत वाटायचे म्हणजे एक तास वीस मिनिटं. "मिनटं नकोत," बिरू म्हणाला, "मिनटांनीच वाटोळं केलंय. तास तासच धरा." पहिला काकीला, दुसरा बिरूला, तिसरा दादाला. दोन ते तीन उरला. त्यावरून बिरूचा घसा मोकळा व्हायच्या आत काकी बोलली.

"ऱ्हायलेला सोपानाचा."

"आगं, त्यानं आत्ताच सोडला न्हवं?"

"रानाचा सोडला. वाटंवरचा हौद कोरडा पडलाय किती वर्सं. जनावरं येत्यात, चाटून जात्यात. त्यात सोडायचं त्या तासाचं पाणी. कुणाच्याच रानात जात न्हाई म्हंजी घड्याळाला बी कुणीकडं झुकाय नगं."

"आन ह्यो सांगलीत आसला तर?"

"तर तू सोडायचं. तुला काय, वॉल जड हाय?"

बिरू हसला. "बरं. सोपानाच्या नावानं मेंढरास्नी पाजतो."

मी गुरुवारपर्यंत राहिलो. ते तीन दिवस दादा माझ्याशी बोलला नाही. एकाच पंगतीत बसायचो, आणि तो वहिनीला सांगायचा, "त्येस्नी इचार, आमटी वाढू का." वहिनी म्हणायची, "इचारत्यात वो, आमटी वाढू का." मी म्हणायचो, "सांगा, अर्धी पळी." ती दोघांच्या मधे बसलेली, वैतागून म्हणाली, "मलाच खाऊ द्या बाई आदी." तरीही दादा हसला नाही. त्याच्या बागेत एक चक्कर मारली मी. फळं हाताच्या मुठीएवढी झाली होती. एक तास आता, चाराच्या जागी. मोठी होतील की नाही ते मला सांगता येत नाही. मी हळदीतला माणूस.

गुरुवारी अकराला काकीनं घड्याळ बांधलं. भर उन्हाचं पाणी तिच्या रानात पहिल्यांदाच सुटलं, आणि ती बाई पाण्याकडं बघेचना. तासभर नुसती घड्याळाकडं. एक वाफा फुटून पाणी वाटेवर आलं, मी ओरडलो, "काकी, पाणी!" तर म्हणते, "थांब, काटे एकावर एक यायलेत." आले, तशी तिनं वॉल बंद केला आणि घड्याळ बिरूच्या पुढं केलं. बिरूनंही एकच्या ठोक्याला सोडलं. एक मिनिट नाही. आमच्या वाडीत, एक मिनिट नाही!

एक ते दोन दादा. मी हौदाच्या कडेला पाइप धरून बसलो होतो. चिखलात कोपरापर्यंत हात. मनात म्हटलं, दादा आता दहा मिनिटं खाणार, आणि खाऊ दे, मी काय बोलणार. त्याचा हक्क आहे.

दोनला वॉल बंद झाल्याचा आवाज आला. दादा चालत आला. मनगटावरचं घड्याळ काढलं, माझ्या पुढं धरलं. माझे दोन्ही हात पाइपावर. तो खाली बसला, माझं मनगट आपल्या गुडघ्यावर घेतलं, धोतराच्या सोग्यानं चिखल पुसला आणि पट्टा गुंडाळला. भोक शोधत राहिला. चौदांतलं माझं कुठलं, हे चाचांनाही माहीत नव्हतं. शेवटी त्यानं जोर लावून ओढलं आणि अडकवलं.

"घट्ट झालं का रं?"

"न्हाई."

तो वॉल फिरवायला गेला. घट्ट झालं होतं. पाणी आलं, हौद भरला, दोन गाई आणि कुणाच्यातरी शेळ्या येऊन पिऊन गेल्या, बोटांना मुंग्या आल्या, तरी तासभर मी पट्टा सैल केला नाही.

आता सांगलीत कुणी विचारतं, दिवाणजी, घर कुठं तुमचं? मी सांगतो, बेस्तरवारी दोन ते तीन. ऐकणाऱ्याला वाटतं, सोपान परत फेकतोय.